आधी शोधायचे पैसे, मग पार्टचे

सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, एसी लावला की इंजिन गचके देतं, आणि गाडी पळायला लागली की सगळं ठीक. जुनी पेट्रोल गाडी बाळगणाऱ्या कुणालाही हे लक्षण ओळखीचं असतं. आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, गाडी मिस करालीय. गेल्या वर्षभरात मिशिगनमध्ये माझ्या गाडीला आणि सोलापुरात आमच्या अण्णांच्या गाडीला हीच तक्रार सुरू झाली. दोन्हीकडं ती कशी शोधली ते सविस्तर लिहिते, कारण या एका तक्रारीपायी ओळखीच्या माणसांचे हजारो रुपये नको त्या पार्टवर गेलेले मी पाहिलेत आणि ते मला मनापासून खटकतं.

सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वेळेवर पेटलं नाही, किंवा अर्धवट पेटलं, की मिसिंग होतं. पेटण्यासाठी चार गोष्टी लागतात: ठिणगी, इंधन, हवा आणि दाब. यातली एक जरी कमी पडली तरी तो सिलिंडर कामाला येत नाही. इंजिन जोरात फिरत असताना एखादा स्फोट हुकला तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, जोरावर भागून जातं. आयडलला, म्हणजे मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर, तोच हुकलेला स्फोट थेट सीटपर्यंत जाणवतो. तीन सिलिंडरच्या जुन्या छोट्या गाड्या जात्याच थोड्या थरथरतात, तो दोष धरू नये. थरथर एका लयीत आहे की मध्येच अडखळते, एवढं बघायचं.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या मोटारींना गाडीतला दोष वाचायचा ओबीडी-टू पोर्ट सक्तीचा आहे. स्टिअरिंगखाली हात घातला की तो सापडतो. वीस-तीस डॉलरचा स्कॅनर लावला की इंजिनचा कॉम्प्युटर काय म्हणतोय ते वाचता येतं. पी०३०० असा कोड आला तर मिसिंग एका ठरावीक सिलिंडरचं नाही. पी०३०१ ते पी०३०४ आलं तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. माझ्या २००६ मॉडेलच्या गाडीत पी०३०२ आलं. म्हणजे दुसरा सिलिंडर. पण हा कोड फक्त कुठला सिलिंडर ते सांगतो, का ते सांगत नाही. ठिणगी पाडणारा प्लग असेल, त्याला वीज देणारी कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, हवा आत आणि धूर बाहेर सोडणारा वाल्व असेल.

इथल्या गॅरेजात गाडी नेली तर हात लावण्याआधी तपासणीची फी सांगतात, साधारण शंभर ते दोनशे डॉलर. पार्ट बदलला नाही तरी ही फी द्यायचीच. सुरुवातीला हे ऐकून मला धक्का बसला होता. आता वाटतं, यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट असेल तर हीच. मजुरी इतकी महाग असल्यामुळे बरेच लोक घरच्या गॅरेजात स्वतः हात घालतात. स्पेअर पार्टच्या दुकानांत डिपॉझिट ठेवलं की सिलिंडरमधला दाब मोजायच्या कॉम्प्रेशन गेजसारखी महागडी अवजारं वापरायला देतात आणि परत केली की पैसे परत. आमच्या शेजारी मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. त्यांनी मला एकच शिस्त शिकवली: काही विकत घेण्याआधी अदलाबदल कर.

माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर बसवली, तीनची दोनवर. कोड पुसला, गाडी चालवली. पी०३०३ आलं. कॉइलसोबत दोषही सरकला, म्हणजे दोष कॉइलचाच. पैसा खर्च न करता निकाल लागला. कोड दोनवरच राहिला असता तर पुढं प्लगची अदलाबदल केली असती, मग इंजेक्टरची.

आजोबा तिथंच थांबले नाहीत. कॉइल गेली, पण का गेली? त्यांनी कॉइलचं रबरी नळकांडं माझ्या हातात दिलं. आतून ते तेलानं बुळबुळीत झालं होतं आणि कडेनं पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक बारीक करडी रेघ उतरत होती. ठिणगी प्लगच्या टोकाला जाण्याऐवजी त्या रेघेवरून इंजिनच्या धातूकडं पळत होती. टॉर्च घेऊन प्लगच्या विहिरीत बघितलं, तळाशी इंजिन ऑइल साचलेलं. वरच्या कव्हरची सील कडक होऊन गळत होती. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही काही महिन्यांत तेलात भिजून गेली असती. सील, गॅस्केट आणि एक कॉइल एवढ्यावर काम झालं.

आता सोलापूर. मी सुट्टीला आले ती संक्रांतीच्या तोंडावर, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली. होम मैदानाजवळच्या गर्दीत अण्णांची गाडी बंद पडायला लागली. चार सिलिंडरची जुनी हॅचबॅक, बरीच वर्षं सीएनजीवर चालणारी. आधी दोन ठिकाणी दाखवून झालेलं. एका ठिकाणी प्लग आणि वायरी नव्या घातल्या, दुसरीकडं इंजेक्टर साफ केले आणि फरक पडला नाही तेव्हा सांगितलं की हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा वाल्व असलेला भाग, काढावं लागेल. हेड काढायचं म्हणजे पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवायची. अण्णा गाडीच विकायच्या गोष्टी करू लागले.

ही गाडी जुनी असल्यामुळे साधा स्कॅनर तिच्याशी बोलत नाही. भारतात ओबीडी-टू आलं ते एप्रिल २०१३ पासून. (सोलापूर मात्र भारत स्टेज चार हे धुराचे नियम लागू झालेल्या पहिल्या मोजक्या शहरांतलं, २०१० सालचं. तेव्हा त्या काळातली गाडी असेल तर एकदा स्कॅनर लावून बघायला हरकत नाही.) स्कॅनर नाही म्हणून शोध थांबत नाही. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीकडं जाताना, एक वयस्क मिस्त्री आहेत. माझ्या लहानपणापासून ते अण्णांना ओळखतात. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, प्लग नवीन हायत, वायरी नवीन हायत. मग आता बदलायचं काय? आता बघायलाच लागतंय," ते म्हणाले.

"अहो मिस्त्री, तेच म्हणते मी. बघा की. वेळ लागू दे."

शेजारी पॉवरलूमचा खडखडाट चालू होता, इंजिनचा आवाज कानानं पकडणं अवघड. मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरला. मलाही धरायला लावला. हवेचे ठोके एकसारखे लागत होते आणि ठरावीक अंतरानं एक रिकामा जात होता. रिकामा ठोका असा नेमानं येत असेल तर बहुधा एकच सिलिंडर आजारी असतो. कुठलाही, कधीही रिकामा जात असेल तर हवा किंवा इंधन सगळ्यांनाच कमी-जास्त मिळतंय असं धरायचं आणि इंजिनला हवा खेचली जाते तिथले व्हॅक्यूमचे पाइप, इंजिनमधली वाफ आणि धूर परत आत सोडणारे पीसीव्ही आणि ईजीआर वाल्व, हवेच्या झडपेवरचा, म्हणजे थ्रॉटलवरचा, कार्बन तिकडं वळायचं. व्हॅक्यूमची गळती आयडलला जास्त त्रास देते आणि रेस केली की जवळजवळ नाहीशी होते, कारण जास्त हवा खेचली जात असताना त्या फटीतली हवा नगण्य ठरते.

मग गाडी चालू ठेवून एकेका इंजेक्टरची पिन काढायची. चांगल्या सिलिंडरची पिन काढली की इंजिन लगेच दबतं. एक काढली, दबलं. दोन काढली, दबलं. तीन काढली, काहीच फरक नाही. चार काढली, बंदच पडायला आलं. तिसरा सिलिंडर सापडला. पूर्वी यासाठी प्लगची वायर उपटायची पद्धत होती. ती आता नको: हजारो व्होल्टचा झटका बसतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

तीनचा प्लग आणि वायर वेगळ्या सिलिंडरवर लावून बघितली. दोष तीनवरच. ठिणगी संशयातून सुटली. इंजेक्टरही बदलून बघितला, तोही सुटला. उरला दाब.

मिसिंग सकाळी गार इंजिनवर जास्त होतं, म्हणून कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दुसऱ्या दिवशी सकाळी गारच घेतलं. सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याचा काटा एकशे सत्तर पीएसआयच्या आसपास गेला. तिसरा एकशे पंधरावर थांबला. आकडा कमी की जास्त यापेक्षा एकमेकांत फरक किती हे महत्त्वाचं असतं. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट भरून काटा वर आला असता. तो हलला नाही. म्हणजे बहुधा वाल्व.

आधीच्या ठिकाणी इथंच हेड उतरवलं असतं. मिस्त्रींनी वाल्व दाबून उघडणाऱ्या टॅपेटवरचं फक्त कव्हर उघडलं, पिस्टन वरच्या टोकाला आणला आणि वाल्वच्या वरची फट मोजायला फिलर गेजची पत्ती घेतली. बाकीच्या वाल्वना पत्ती हलकी घासत सरकत होती. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या वाल्वला, सगळ्यात पातळ पत्तीही शिरेना. सीएनजी कोरडा वायू आहे, पेट्रोलच्या तुषारांसारखा वाल्वला गारवा देत नाही. वर्षानुवर्षं त्यावर गाडी चालली की वाल्वची बैठक झिजते, वाल्व हेडमध्ये आत सरकतो आणि वरची फट संपते. मग तो पूर्ण बंदच होत नाही. गरम झाल्यावर त्रास कमी का व्हायचा, तेही उलगडलं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापल्यावर ते वाल्वपेक्षा जास्त पसरतं आणि तेवढी फट मिळते.

टॅपेट सेट केलं, म्हणजे ती फट परत ठेवली, पुन्हा दाब मोजला, तिसरा एकशे साठच्या वर आला. कव्हर बसवून गाडी चालू केल्यावर मिस्त्री काही न बोलता पुन्हा मागं गेले आणि सायलेन्सरसमोर हात धरून उभे राहिले. समाधान झाल्यावरच हात पुसले.

"टॅपेट सेटिंगचे आठशे द्या."

"आणि दोन दिवस शोधलंत त्याचे?"

"त्याचे कशाचे घ्यायचे, ताई?"

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. ताप आल्यावर डॉक्टरांनी तपासलं की आपण फी देतो, गोळी लिहून दिली नाही तरी देतो. मिस्त्रीनं दोन तास डोकं घातलं आणि दहा रुपयांचा पाइप निघाला तर आपण पाइपचे दहा आणि वर चहापाणी देतो. मग त्यानं घर कशावर चालवायचं? पार्टवर. म्हणून प्लग बदला, वायरी बदला, पंप बदला असं सुरू होतं. त्यात दर वेळी लबाडी असते असं मला वाटत नाही. आपणच शोधण्याला किंमत ठेवलेली नाही. आणि ज्याला खरंच शोधता येतं असा माणूस या व्यवहारात मागं पडतो, त्याची पोरं हा धंदा सोडून जातात. त्या मिस्त्रींचाही मुलगा पुण्याला कंपनीत आहे.

शोधायचे म्हणून मी त्यांना वेगळे हजार दिले. ते घ्यायला तयार नव्हते, अण्णांनी आग्रह केला तेव्हा घेतले. सगळं मिळून अठराशे रुपये. त्याआधी नको असलेल्या पार्टवर यापेक्षा कितीतरी जास्त गेले होते.

तुमची गाडी मिस करत असेल तर गॅरेजात शिरताना आधीच सांगा, शोधायचे पैसे वेगळे देईन, पण सिद्ध झाल्याशिवाय पार्ट बदलू नका. गार असताना होतं की गरम, गॅसवर होतं की पेट्रोलवर, एसी लावल्यावर वाढतं का, एवढं घरून बघून जा. गॅसवर मिस होऊन पेट्रोलवर ठीक चालत असेल तर प्लग, वायर, कॉइल आधी बघायला सांगा, कारण गॅस पेटायला ठिणगीचा जोर जास्त लागतो. गॅसवर चालणाऱ्या गाडीचं टॅपेट प्रत्येक मोठ्या सर्व्हिसिंगला मोजून घ्या. आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा उघडझाप करत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, जमेल तिथं कडेला थांबा. त्या वेळी न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं, आणि तो पार्ट खरोखरच महाग आहे.