उशिरा भेटलेला प्रीस्ट: १९७४ ते १९८०, ऐकण्याची वही

जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे अल्बम पहिल्यापासून क्रमाने ऐकतेय, सध्या मुक्काम १९८० ला आहे. ‘ब्रिटिश स्टील’ सुरू केलाय, आणि त्याआधीचे पाच स्टुडिओ अल्बम आणि एक लाइव्ह रेकॉर्ड ऐकून झालेत. ऐकून म्हणजे नुसतं कानावरून जाऊ दिलं असं नाही. आधी ठरवलेले नियम पाळलेत: अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता, मन भरल्याशिवाय पुढच्या वर्षात पाऊल नाही, आणि प्रत्येकातल्या निदान एका गाण्याचे ड्रम सरावाच्या रबरी पॅडवर आणि दोन्ही पायांनी चालवायच्या डबल पेडलवर बसवून बघायचे. तिसऱ्या नियमाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, आणि खरं काय ते त्यानेच शिकवलं.

जुडास प्रीस्ट माझ्या वाट्याला उलट्या टोकाने आला. कॉलेजात आयर्न मेडन, मेटॅलिका, स्लेयर या मेटल बँडची पारायणं झाली होती. प्रीस्ट म्हणजे कुणीतरी उतरवून दिलेली ‘पेनकिलर’ची कॅसेट आणि कुठल्याशा बेस्ट-ऑफवरचं ‘ब्रेकिंग द लॉ’. आपल्याकडे अनेकांचा प्रीस्ट एवढ्यातच आटोपतो. चामड्याचे कपडे, खिळे, मोटरसायकल, गायक हॅलफर्डची किंकाळी, बस्स. ते चामडंसुद्धा १९७८ पासूनचं आहे. त्याआधीच्या फोटोंत हीच मंडळी सॅटिनचे झुळझुळीत शर्ट घालून उभी दिसतात.

जूनची नोंद: ‘रॉका रोला’

सप्टेंबर १९७४, गल रेकॉर्ड्स. निर्माता रॉजर बेन, म्हणजे ब्लॅक सॅबथचे पहिले तीन अल्बम करणारा माणूस. बर्मिंगहॅमचा बँड, सॅबथचा निर्माता, म्हणून मी मोठ्या अपेक्षेने बसले. निघालं काय, तर धुरकट, ब्लूजकडे झुकलेलं, अधूनमधून हिप्पी वळणाचं रॉक. वाईट नाही, पण कुठे जायचंय ते न ठरवता निघालेलं. आवाजही पातळ आहे. बँडलासुद्धा त्या मुद्रणाचं समाधान कधी नव्हतं.

गंमत अशी की ‘टायरंट’, ‘जेनोसाइड’, ‘द रिपर’ ही गाणी तेव्हाही मंचावर वाजत होती. ती या अल्बममध्ये घेतलीच नाहीत, बाजारात चालणार नाहीत म्हणून. आणि ‘कॅव्हियर अँड मेथ्स’ नावाची त्यांची लांबलचक रचना छाटून दोन मिनिटांचा नुसता वाद्यतुकडा शेवटी चिकटवला. हॅलफर्डच्या आधीचा गायक ॲल ॲटकिन्स याच्या काळातली ती रचना. उरलेल्या दोन मिनिटांतही गिटारची धून इतकी सुरेख आहे की छाटलेल्याची हळहळ वाटते.

राखून ठेवावं असं एकच: ‘रन ऑफ द मिल’. साडेआठ मिनिटांचं, संथ, आणि शेवटी हॅलफर्ड ज्या पट्टीत चढतो ते ऐकून पुढच्या सगळ्याची चाहूल लागते. ड्रमवर जॉन हिंच. नीटनेटका, सरळ. पॅडवर बसवायला काही जड गेलं नाही, आणि लक्षात राहावं असंही काही हाताला लागलं नाही. २०२४ मध्ये टॉम ॲलमने नव्याने मिक्स केलेली आवृत्ती आली आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सरळ तीच घ्यावी. इथे जुन्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

जूनच्या शेवटी, आणि जवळजवळ सगळा जुलै: ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’

इथे मी अडकले, आणि खुशीने अडकले.

मार्च १९७६. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत मुद्रण. पैशाची चणचण एवढी की बँडमधले लोक पोटासाठी बाहेरची कामं करत होते. दोन गिटारवादकांपैकी ग्लेन टिप्टन बागकाम करायचा, केके डाउनिंग कारखान्यात जायचा. निर्माते कोण, तर जेफ कॅल्व्हर्ट आणि मॅक्स वेस्ट. या जोडीने आदल्याच वर्षी ‘टिपिकली ट्रॉपिकल’ या नावाने ‘बार्बेडोस’ हे समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचं गोडगोड गाणं करून ब्रिटनमध्ये पहिला नंबर पटकावला होता. त्या हातांतून ‘टायरंट’ निघावं! निर्मात्याच्या नावावरून अल्बमचा अंदाज बांधायचा नाही, हे वहीत अधोरेखित केलंय.

‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’ दोन गाण्यांच्या जोडातून झालंय: ॲटकिन्सच्या काळातलं ‘व्हिस्की वुमन’ आणि हॅलफर्डने आणलेलं ‘रेड लाइट लेडी’. सांधा कुठे आहे ते एकदा कळलं की दर वेळी ऐकू येतं. मधे सगळं थांबतं, गिटार कुजबुजल्यासारखी होते, हॅलफर्ड जवळजवळ बोलायला लागतो, आणि मग पुन्हा चढण. शेवटची ती उंच किंकाळी ‘पेनकिलर’ माहीत असणाऱ्यांना नवी वाटणार नाही. पण ‘पेनकिलर’मध्ये किंकाळी हा गाण्याचा रोजचा खुराक आहे. इथे ती पावणेआठ मिनिटं वाट पाहून मिळते, म्हणून अंगावर येते.

‘ड्रीमर डिसीव्हर’ आणि त्याला जोडून येणारं ‘डिसीव्हर’ नेहमी एकत्रच ऐका. ‘एपिटाफ’ म्हणजे नुसता पियानो आणि आवाजांचे थर, ड्रम नाहीतच. मेटल ऐकणारे ते ओलांडून जातात, माझ्याकडून मात्र त्याला पूर्ण गुण.

ड्रमवर ॲलन मूर. हा आधीही काही काळ बँडमध्ये होता, परत आला. हिंचपेक्षा त्याच्या वाजवण्यात झोका आहे. ‘जेनोसाइड’मध्ये स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, किंचित मागे रेलून, मात्रेच्या जरा उशिरा पडतो, आणि त्यामुळे रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जड वाटतो. पॅडवर मी तो नेमक्या मात्रेवर वाजवला तर गाणं मेल्यासारखं झालं. मेट्रोनोम बंद करून नुसत्या कानाने वाजवायला लागले तेव्हा कुठे जमलं.

विकत घेणाऱ्यांसाठी: हे पहिले दोन अल्बम गलकडे होते आणि त्यातली गाणी उलटसुलट करून नंतर संकलनं निघत राहिली. ‘हीरो, हीरो’ (१९८१) हे त्यातलंच. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ते स्वस्तात दिसलं तर मुखपृष्ठावर भाळू नका. मुखपृष्ठच हवं असेल तर ‘सॅड विंग्ज’चं घ्या. पॅट्रिक वुडरॉफने काढलेला, ज्वाळांत कोसळलेला देवदूत. त्याच्या गळ्यातलं तीन टोकांचं चिन्ह बँडने पुढे आयुष्यभर वापरलं.

ऑगस्ट: ‘सिन आफ्टर सिन’

१९७७. आता रेकॉर्ड कंपनी सीबीएस, म्हणजे खिशात थोडे पैसे. निर्माता डीप पर्पलचा रॉजर ग्लोव्हर. आणि ड्रमवर पाहुणा कलाकार सायमन फिलिप्स, वय वर्षे १९.

वहीतली खरी गोष्ट इथे सुरू होते. ‘लेट अस प्रे / कॉल फॉर द प्रीस्ट’ सुरू झालं आणि मी हेडफोन काढून पुन्हा सुरुवातीला गेले. दोन्ही पाय चालताहेत, भरधाव, आणि तरी एकही ठोका चेपलेला नाही. त्याच गिटारी, तोच आवाज, तोच इयन हिल बेसवर, पण बँड वेगळाच. मूर मागे रेलतो, फिलिप्स पुढे झुकतो, आणि त्याच्या ओढीने टिप्टन-डाउनिंगचे रिफही आखडून, धारदार होतात. सत्तरच्या दशकातला प्रीस्ट समजून घ्यायचा असेल तर गिटारींपेक्षा ड्रमच्या खुर्चीकडे बघा, असं माझं मत तेव्हापासून बनत गेलं. खुर्चीतला माणूस बदलला की या बँडची चालच बदलते. फिलिप्स मात्र थांबला नाही, त्याने जॅक ब्रूसकडचं काम आधीच घेतलेलं होतं.

‘डिसिडंट ॲग्रेसर’ मी आधी स्लेयरचं ऐकलं होतं, १९८८ च्या ‘साउथ ऑफ हेवन’मधलं. मूळ गाणं त्याच्या ११ वर्षं आधीचं, आणि माझ्या कानाला स्लेयरपेक्षा जास्त खुनशी. तीन मिनिटांचं गाणं. याच्याच लाइव्ह मुद्रणाला २०१० मध्ये ग्रॅमी मिळालं, म्हणजे मूळ गाण्याला ३३ वर्षं झाल्यावर. आपण एकटेच उशिरा पोचलो नाही, याचा आनंद झाला.

गायिका जोन बाएझच्या ‘डायमंड्स अँड रस्ट’ची प्रीस्टची आवृत्ती छान आहे, पण त्यावर इतरांनी खूप लिहिलंय. ‘लास्ट रोज ऑफ समर’ मला अजून पटलेलं नाही.

एक सूचना. २००१ च्या सुमारास निघालेल्या रिमास्टर (आवाज नव्याने सुधारलेल्या) आवृत्त्यांत शेवटी जादा गाणी जोडली आहेत, आणि स्ट्रीमिंगवर बहुतेकदा त्याच आवृत्त्या मिळतात. ‘सिन आफ्टर सिन’ हा अल्बम ‘डिसिडंट ॲग्रेसर’वर संपतो. तिथेच बंद करा. त्यापुढे ‘जॉब्रेकर’चं लाइव्ह मुद्रण येतं, ते गाणं १९८४ च्या अल्बममधलं. ‘स्टेन्ड क्लास’च्या शेवटीही ऐंशीच्या दशकातल्या आवाजाचं ‘फायर बर्न्स बिलो’ डकवलंय. पुरणपोळीवर शेजवान चटणी.

सप्टेंबर, ऑक्टोबर: ‘स्टेन्ड क्लास’

लेस बिंक्स. हे नाव मला या वर्षापर्यंत माहीतही नव्हतं, आणि आता कुणी विचारलं तर सत्तरच्या प्रीस्टचा कणा म्हणून मी हेच नाव घेईन. ‘एक्सायटर’ त्याच्या एकट्याच्या ड्रमने उघडतं. साल १९७८. थ्रॅश, म्हणजे भरधाव मेटल, हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता. कॅनडात पुढे एका बँडने ‘एक्सायटर’ हेच नाव घेतलं, यावरून काय ते समजा.

फिलिप्स आणि बिंक्स दोघेही डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी बेस ड्रम, वाजवतात, पण फिलिप्सचं वाजवणं तालमीत तयार झालेल्या पाहुण्याचं आहे, आणि बिंक्सचं घरच्या माणसाचं. कुठे गप्प बसायचं ते त्याला कळतं. ‘बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ’च्या शांत कडव्यांत तो जवळपास नसतोच, आणि म्हणून जड भाग कोसळतो तेव्हा जमीन हलते. त्या गाण्याचा मूळ रिफही त्याचाच. डावखुरा असल्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरून त्याने तो वाजवून दाखवला, अशी हकीकत सांगतात. या बँडमध्ये ड्रमरच्या नावावर गाणं लागणं ही दुर्मीळ गोष्ट. टिप्टनचा त्यातला सोलो मला त्याच्या सगळ्या सोलोंत वरचा वाटतो. घाई नाही, दाखवेगिरी नाही.

या अल्बममागे कोर्टाचं एक प्रकरणही आहे. दोन तरुणांच्या शोकांतिकेनंतर बँडवर खटला झाला, १९९० मध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरात सुनावणी झाली. आरोप असा की ‘बेटर बाय यू, बेटर दॅन मी’मध्ये चिथावणी देणारे छुपे शब्द दडवलेत. न्यायाधीशांनी बँडला दोषी धरलं नाही. ज्या गाण्यावरून एवढं झालं ते प्रीस्टचं नव्हेच, १९६९ सालचं, स्पूकी टूथ या बँडचं आहे. मला विचाराल तर अल्बममधलं सगळ्यात फिकं गाणंही तेच.

‘एक्सायटर’ पॅडवर अजून पूर्ण वेगात येत नाही. पॅडचा आवाज घरात राहतो, पण पेडलची धडधड स्लॅबमधून खाली जाते, त्यामुळे खालच्या काकूंच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळून सराव चाललाय. आत्ता मूळ वेगाच्या साधारण पाऊण हिश्शावर पाय टिकतात. डावा पाय आधी दमतो. कुणाकडे डाव्या पायासाठी काही खास सराव असेल तर हवाय.

नोव्हेंबर: ‘किलिंग मशीन’ आणि जपान

‘किलिंग मशीन’ही १९७८ चाच, आठ महिन्यांनी आलेला. अमेरिकेत हाच ‘हेल बेंट फॉर लेदर’ या नावाने निघाला, त्यात फ्लीटवुड मॅकचं ‘ग्रीन मॅनलिशी’ जास्तीचं. गाणी आखूड झाली, ओठांवर बसणारी झाली, चामडं इथूनच अंगावर चढलं. ‘टेक ऑन द वर्ल्ड’ ब्रिटनमध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. मला ते स्टेडियमवरच्या घोषणेसारखं वाटतं, दुसऱ्यांदा ऐकवत नाही. ‘डिलिव्हरिंग द गुड्स’च्या शेवटी बिंक्स एकटाच वाजवत गाणं बंद करतो, त्यासाठी मात्र पुन्हा पुन्हा जाते.

‘अनलीश्ड इन द ईस्ट’, १९७९, टोकियो. गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केलं म्हणून याची ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ अशी टिंगल होते. असू दे. ड्रम ऐका. ‘टायरंट’ आणि ‘जेनोसाइड’ ही स्टुडिओत मूरने वाजवलेली गाणी. बिंक्स ती पळवतो आणि ती नव्याने जन्मल्यासारखी होतात. जुलैत मला मागे रेलायला लावणारं ‘जेनोसाइड’ इथे पुढे ढकलतं. दोन्ही मुद्रणं एकामागोमाग लावून बघा. ‘रॉका रोला’तलं एकही गाणं यात नाही, हेही बोलकं आहे. आणि याच रेकॉर्डच्या मोबदल्यावरून वाद होऊन बिंक्स बाहेर पडला.

आता: ‘ब्रिटिश स्टील’

बिंक्सच्या जागेवर ट्रपीझ या बँडमधला डेव्ह हॉलंड. मुद्रण टिटनहर्स्ट पार्कमध्ये, जे आधी जॉन लेननचं घर होतं आणि तेव्हा रिंगो स्टारचं. ‘मेटल गॉड्स’मधल्या यंत्रमानवांच्या पावलांसाठी काट्या-चमच्यांचे ट्रे आपटले, ‘ब्रेकिंग द लॉ’साठी दुधाच्या बाटल्या फोडल्या. किस्से मजेचे आहेत.

पण तीन महिने बिंक्सच्या मागे धावल्यावर हॉलंड ऐकणं म्हणजे भरधाव मोटारीतून उतरून पायी चालायला लागणं. डबल बेस गेला. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, मधे जागा. त्या मोकळ्या जागेत रिफ मोठे झाले, गाणी लाखोंच्या तोंडी बसली, आणि ‘लिव्हिंग आफ्टर मिडनाइट’ पॅडवर मला पहिल्याच बैठकीत आलं. हॉलंडला कमी लेखत नाही. एवढं साधं, एवढं एकसारखं वाजवणंही सोपं नाही, हे दुसऱ्या बैठकीत कळलं. तरी ‘एक्सायटर’ वाजवणारा तोच बँड इथे बसलाय हे कानाला अजून मान्य नाही.

पुढचा टप्पा ‘पॉइंट ऑफ एंट्री’ ते ‘टर्बो’, म्हणजे सगळा हॉलंडच. तो पटापट करणार आहे. ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिसच्या आगमनाला, ‘पेनकिलर’ला, पोचेन तेव्हा ड्रमची ती माहितीतली सुरुवात बिंक्सनंतर कशी वाटते ते बघायचंय. तोवर ‘एक्सायटर’ रोज थोडं.