ब्रेक फ्लुइड घरीच बदललं
दोन वर्षं झाली होती म्हणून काल गाडीचं ब्रेक फ्लुइड स्वतःच बदललं, जोरात पळवायच्या गाडीला हे ऑइल चेंजइतकंच महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं. पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारं हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, नवीन डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही पण पाणी शिरलं की ती मर्यादा पार १५५ च्या आसपास येऊ शकते, मग लागोपाठ कडक ब्रेक मारले की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. भाऊ पेडल दाबत होता, मी चाकाजवळचं निपल (जुनं फ्लुइड बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडत होतो. आधी निपल बंद, मगच पाय सोडायचा, नाहीतर हवा आत! आणि फ्लुइडची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. पेडल आता मस्त घट्ट लागतंय.