'झालं' आणि 'केलं'

माणूस वाईट वागला की दोष सैतानाचा की त्याचा स्वतःचा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला नवा नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आणि गेल्या आठवड्यात आमच्याच मजल्यावरच्या शेजारणीने विचारला. तिच्या बहिणीच्या मुलाने मोबाइलवरच्या रमीत आधी पगार घालवला, मग उसने आणलेले पैसे घालवले आणि शेवटी आईच्या पाटल्या कपाटातून काढून गहाण टाकल्या. शेजारीण रडवेली होऊन म्हणाली, "काकू, पोरगा असा नव्हता हो. त्याला बाहेरचं काहीतरी झालंय. तुम्ही लोक सैतान मानता ना? मग तुम्हीच सांगा, हे तो करतोय की त्याच्याकडून कोणी करवून घेतंय?"

मी ठाण्याची ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजातली. घरात बोलायला मराठी, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठीत, आणि लहानपण तलावपाळीच्या आसपास गेलेलं. आमचं सेंट जॉन चर्चही तिथून जवळ आणि कौपिनेश्वराचं देऊळही. त्यामुळे सैतान, करणी, बाधा, साडेसाती हे सगळे शब्द मी एकाच आळीत ऐकत वाढले.

सैतान मी मानते. मनापासून मानते. जगात वाईटाची एक ओढ आहे आणि ती माझ्याहून जुनी आहे, यावर माझी श्रद्धा आहे. पण माझ्या धर्माने मला सैतान शिकवला तो त्याच्या नावावर माझी बिलं फाडायला नाही. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये सगळे हातात पेटती मेणबत्ती धरून उभे असतात. फादर विचारतात, तुम्ही सैतानाला नाकारता का, त्याच्या कृत्यांना नाकारता का, त्याच्या पोकळ आश्वासनांना नाकारता का. प्रश्न सगळ्यांना मिळून असतो, उत्तर मात्र ज्याचं त्याने द्यायचं असतं. 'आम्ही' म्हणून चालत नाही, 'मी' म्हणावं लागतं. एरवीच्या मिस्सेतही आम्ही पाप कबूल करताना 'माझ्या अपराधामुळे' असं म्हणत छातीवर मूठ मारतो. मूठ स्वतःच्या छातीवर मारायची असते.

बायबलची सुरुवातच बघा. एदेन बागेत नको ते फळ खाऊन झाल्यावर देव आदामाला विचारतो. आदाम म्हणतो, तू मला दिलेल्या या बाईने फळ दिलं आणि मी खाल्लं. एका वाक्यात त्याने बायकोलाही गोवलं आणि देवालाही. हव्वा म्हणते, सर्पाने मला भुलवलं आणि मी खाल्लं. वर्गातल्या मुलांना मी नेहमी इथे थांबवते. दोघांनी बोट दुसऱ्याकडे दाखवलं, तरी दोघांची वाक्यं संपतात कुठे? 'मी खाल्लं'वर. आणखी एक गोष्ट, देव सर्पाला प्रश्नच विचारत नाही. त्याला थेट शिक्षा सुनावतो. जाब विचारला तो माणसांना, कारण जाब देण्याची पात्रता माणसात आहे. मला यात माणसाचा अपमान दिसत नाही, उलट मोठा मान दिसतो.

येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा, त्याचंही तसंच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय की सैतान यहूदात शिरला. याहून मोठी सबब कोणाला मिळणार? पण मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच यहूदा चांदीची 30 नाणी परत आणून काय म्हणतो? निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, म्हणतो. सैतानाचं नावही काढत नाही. पुढे त्याने आशा सोडली, ते दुःख वेगळं.

हे फक्त आमच्यातच आहे असं नाही. माझ्याबरोबर नोकरीला मुंब्र्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी मला कुराणातल्या इब्राहीम नावाच्या, 14व्या सुऱ्यातली, म्हणजे अध्यायातली गोष्ट सांगितली होती. न्यायाचा दिवस उरकल्यावर सैतान स्वतःच लोकांना म्हणतो, माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी नुसती हाक मारली आणि तुम्ही ओ दिलीत, आता मला बोल लावू नका, स्वतःला लावा. ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आणि आमच्या सोसायटीतले निवृत्त संस्कृत शिक्षक दुर्योधनाच्या तोंडचा श्लोक म्हणून दाखवतात, जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः. धर्म कळतो पण करवत नाही, अधर्म कळतो पण सुटत नाही, हृदयात बसलेला कोणी देव जसं करवतो तसं मी करतो. गुरुजी म्हणतात, सबब म्हणून याच्याइतकं सुंदर काही लिहिलं गेलं नसेल. अर्जुनानेही गीतेच्या 3ऱ्या अध्यायात जवळजवळ हेच विचारलंय, की इच्छा नसताना माणूस पाप करतो ते कोणाच्या जोरावर. कृष्ण कोणा भुताचं नाव घेत नाही. काम आणि क्रोध, म्हणतो. म्हणजे शत्रू आहे, पण घरातला आहे.

आता आमच्या घरातलं सांगते.

पप्पा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. हात सोन्याचे, आणि पगाराच्या दिवशी पाय गुत्त्याकडे. प्यायल्यावर आईला मारायचे. सकाळी उतरली की डोकं धरून बसायचे आणि म्हणायचे, "काल माझ्यात सैतान शिरला होता." मी लहान होते, मला ते खरं वाटायचं. रात्री झोपण्यापूर्वी मी सैतानासाठी उंबऱ्यावर पवित्र पाणी शिंपडायचे.

आमची खोली चाळीत होती, खिडकी गॅलरीत उघडायची. मारायच्या आधी पप्पा उठून खिडकी लावायचे. ती लाकडी झडप नीट बसत नसे, खालून हाताने दाबून वर उचलावी लागायची, मग खिट्टी सरकायची. पप्पा ते बरोबर करायचे. आणि आईच्या तोंडावर कधी मारलं नाही, कारण रविवारी मिस्सेला ती चार लोकांत दिसायची. मारायचे ते पाठीवर, दंडावर. एका सकाळी त्यांनी सैतानाचं नाव घेतलं तेव्हा आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "सैतानाला शेजाऱ्यांची लाज कशाला वाटेल? खिडकी कोण लावतं?"

पप्पा काही बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून पाणी शिंपडणं सोडलं.

पुढे मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्या भाषेत या सबबीला सैतानाचीही गरज लागत नाही. 'हात उचलला गेला.' 'तोंडातून निघून गेलं.' 'पैसे वापरले गेले.' 'बुद्धी फिरली.' 'चूक झाली.' सगळं आपोआप होतं, करणारा कोणी नाहीच. मराठीत 'झालं' आणि 'केलं' यांत एका अक्षराचा फरक आहे आणि माणसं आयुष्यभर ते एक अक्षर चुकवतात.

मीही चुकवलं. 1998 साली मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत हजेरी आणि पगाराचं काम बघायचे. एका कंत्राटी कामगाराच्या ओव्हरटाइमची चिठ्ठी माझ्याकडून चढवायची राहिली. इथेही बघा, 'राहिली' लिहून गेले. मी चढवली नाही. तो विचारायला आला तेव्हा साहेब समोर होते. मी म्हणाले, याने चिठ्ठी दिलीच नाही. चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. त्याचे दोन महिन्यांचे जादा तासांचे पैसे गेले, वर तो खोटारडा ठरला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात पापनिवेदनाला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला गेले तेव्हा मी म्हणाले, "फादर, सैतानाने मला तशी बुद्धी दिली." जाळीपलीकडून म्हातारे फादर शांतपणे म्हणाले, "चिठ्ठी कुठे होती?"

"ड्रॉवरमध्ये."

"ड्रॉवर कोणाचा?"

"माझा."

"मग पहिल्यापासून सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं, प्रत्येक वाक्यात 'मी' घालून. तसं सांगायला फार वेळ लागला, आणि घसा कोरडा पडला. मग त्यांनी विचारलं, त्या माणसाचे पैसे कोण देणार? मी हिशेब करून पैसे घेऊन दिघ्याला त्याच्या घरी गेले. त्याने मोजून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, पैसे मिळाले. पण साहेबांपुढे खोटा मी ठरलो ना?" दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलापुढे उभं राहून सांगावं लागलं. सैतानाला दोष दिला असता तर हे पैसे कोणी दिले असते? साहेबांकडे कोण गेलं असतं?

या सबबीचा आणखी एक भोग असतो आणि त्याबद्दल मला फार राग आहे. दोष बाहेरच्याला दिला की लोक ते बाहेरचं शोधायला निघतात. मग ते कोणाच्या तरी अंगात सापडतं, बहुतेक वेळा सुनेच्या, विधवेच्या, नाहीतर एकट्या म्हातारीच्या. करणारा घरात चहा पितो आणि मार भलतीच खाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांच्या खुनानंतर 2013 साली आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. हे लिहून ठेवावं लागलं, कारण हे चालत होतं.

आजाराची गोष्ट मात्र वेगळी आणि ती मी हात जोडून वेगळी ठेवते. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे. त्याच्या भिंतीआड असलेल्या माणसांना कोणी पापी म्हणू नये आणि झपाटलेलेही म्हणू नये. आपण काय करतोय हे मनाच्या आजारामुळे ज्याला कळतच नाही, त्याला कायदाही गुन्हेगार ठरवत नाही, पूर्वी दंडसंहितेच्या कलम 84 ने, आता न्याय संहितेच्या कलम 22 ने. आमच्या चर्चची शिकवणही अशीच आहे. गंभीर पापासाठी पूर्ण जाण आणि पूर्ण संमती लागते. भीती, सवय, अज्ञान यांनी दोष कमी होतो. पण स्वतःहून ढोसलेली दारू ही ना कायद्यात सबब, ना देवापुढे.

शेजारणीला मी म्हणाले, जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. त्याला भगताकडे नेऊ नका, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्या. आणि उपचार चालू असतानाच त्याला आईसमोर बसून सांगू द्या, पाटल्या मी नेल्या. 'गेल्या' नाही.

"आणि त्याने सांगितलं की ताईने लगेच माफ करायचं?" तिने विचारलं.

याचं उत्तर मला देता आलं नाही. मी तिला पप्पांचं पुढचं सांगितलं. ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना जायला लागले. तिथे दारूला आजारच म्हणतात, पण उभं राहून बोलायचं ते 'मी मद्यपी आहे' इथून. ज्यांना दुखवलं त्यांची भरपाई करणं ही तिथली एक पायरी आहे. एका संध्याकाळी पप्पा बैठकीहून आले. आई बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसली होती. चप्पल काढून ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मी मारायचो तुला. खिडकी लावून मारायचो."

आईचा हात थांबला. इतकी वर्षं ती सैतानाला माफ करायचा प्रयत्न करत होती, आणि सैतान काही समोर येऊन बसत नाही. तिने पप्पांकडे बराच वेळ बघितलं. "हं," ती म्हणाली, "आता तू बोललास." मग तिने वालांची परात थोडी पुढे सरकवली आणि पप्पाही सोलायला लागले. तिने त्यांना माफ केलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.