बडोद्याहून दीव: भरती पाहूनच निघा

दिवाळीची सुट्टी लागली की बडोद्यातल्या दांडिया बाजारातली अर्धी मंडळी दीवला. त्या गर्दीत खोल्यांचे भाव भलतेच चढतात. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतले मधले वार बरे.

समुद्राकाठच्या गंगेश्वर महादेवाच्या देवळात जायचं तर आधी भरतीची वेळ बघा. कपारीतल्या पाच पिंडींवर लाट येते, फेस पसरतो आणि फुलं-बेलपत्रं ओढून नेते. हे भरती चढत असतानाच दिसतं. ओहोटीला पिंडी कोरड्या, आणि ऐन भरतीत पायऱ्या उतरणं धोक्याचं. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत चपला नकोत.

नायडा गुंफा दुपारी बघाव्यात, छताच्या भोकांतून ऊन थेट आत येतं. पोर्तुगीजांचा किल्ला संध्याकाळी. पोहायला नागोआपेक्षा घोघला निवांत.

सोमनाथ जोडता येतं. गीरची सफारी मात्र 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद. परवाना आधीच ऑनलाइन काढा.

आणि हो, परतताना डिकीत बाटली नको. गुजरातेत दारूबंदी आहे, नाक्यावर गाडी तपासतात.