वळवाच्या दुसऱ्या दिवशी: बंद टीव्ही आणि काळा मॉनिटर

साताऱ्यात मे महिन्यात वळीव आला की तासाभरात लाइट तीन-चारदा जाते-येते. अशाच एका संध्याकाळनंतर घरात दोन गोष्टी एकदम बंद पडल्या. टीव्हीवर ‘नो सिग्नल’, आणि कॉम्प्युटरचा पंखा फिरतोय पण मॉनिटर काळा. दुकानात फोन केला तर उत्तर तयार होतं, ‘मदरबोर्ड गेला असणार, घेऊन या.’ न्यायच्या आधी मी काय काय तपासलं ते इथे लिहितोय. यातलं बरंचसं घरी करता येतं, थोडं अजिबात करू नये.

सुरुवात सॉकेटपासून केली, कारण कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या येत होत्या. याचं कारण एसएमपीएसमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातच असतं. आत येणाऱ्या फेज आणि न्यूट्रलवरून दोन छोटे कपॅसिटर थेट बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर अख्खा पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, माणसाला झिणझिण्यांपुरता. पण कॉम्प्युटर टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय पोर्टची चिप जाळायला तेवढाही पुरतो. टीव्हीची पिन बहुतेक वेळा दोनचीच, त्यामुळे तोही तरंगता. दोन्ही चालू असताना केबल खुपसली आणि बाहेरच्या धातूच्या आधी आतली पिन टेकली, तर पोर्ट जातो. म्हणून आधी दोन्हींचे प्लग काढायचे, मग एचडीएमआय लावायची.

मल्टीमीटर एसी व्होल्टच्या ७५० च्या रेंजवर ठेवून तीन रीडिंग घ्यायची. फेज-न्यूट्रल २२८ आलं, ठीक. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. माझ्याकडे फेज-अर्थला ९० च्या आसपास, तेही सारखं हलणारं. असा भटकता आकडा दिसला की समजायचं, तिसऱ्या भोकाला मागे काही जोडलेलंच नाही. वायरमनला बोलावलं. ‘अर्थिंग हाय की ओ, तीन भोकांचा बोर्ड दिसत न्हाई व्हय?’ भोकं तीनच होती. बोर्ड उघडल्यावर हिरवी वायर टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवलेली निघाली. ती जोडली, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, कारण मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग असून नसल्यासारखं. न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्टवर आलं, झिणझिण्या थांबल्या.

मग कॉम्प्युटर. वायर काढून पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत साठलेला चार्ज उतरतो. एवढ्यानेच पुष्कळ मशीन चालू होतात. माझं झालं नाही. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, यात पहिला संशय रॅमवर घ्यावा. दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघडून रॅम काढली तर सोनेरी पट्ट्या मळकट तपकिरी दिसत होत्या. दमट हवेने असा थर चढतो. पांढऱ्या खोडरबरने एकाच दिशेने हलकं घासायचं, चुरा कोरड्या ब्रशने झाडायचा, स्लॉटमध्ये तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचा ओलावा जातो. दोन रॅम असतील तर एकच लावून बघायची, मग दुसरी. माझ्याकडे एकीवर डिस्प्ले आला, मग दोन्हींवरही. ‘गेलेला’ मदरबोर्ड हा एवढाच.

तरी एसएमपीएस तपासलाच. लाइट येता-जाता मार तोच खातो. वायर काढून २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डातून सोडवायचा, त्यातली हिरवी वायर शेजारच्या काळीला वाकवलेल्या तारेने जोडायची, आणि मगच मेन स्विच चालू करायचा. पंखा फिरला पाहिजे. लोड म्हणून जुना कॅबिनेट फॅन लावलेला बरा. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.३ च्या आसपास व्होल्ट यायला हवेत. रंगीत वायरी नसतील, सगळ्या काळ्या असतील, तर ही चाचणी दुकानातच. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, त्याचं कारण पुढे येतं.

चालू झाल्यावर नवीनच कटकट. एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. नेट ठीक होतं, घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत तारखेवर तपासली जाते, तारीख चुकली की ब्राउझर दार लावतो. घड्याळ चालवणारा मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल मोजला तर २.४ व्होल्ट. नवा ३ च्या थोडा वर असतो. छापील बाजू वर ठेवून नवा बसवला, बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ घातली, झालं.

टीव्हीचा त्रास डिशचा निघाला. सेट-टॉप बॉक्समध्ये स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन पट्टे असतात. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, तर बहुधा डिश हललेली. दोन्ही शून्य, तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग. माझे दोन्ही शून्य. गच्चीवर एलएनबीचा कनेक्टर उघडला तर आतून पाण्याचा थेंब पडला आणि मधली तांब्याची तार हिरवी. हिरवेपणा संपेपर्यंत, दोनेक इंच, केबल कापली. बाहेरचं प्लॅस्टिक सोलून जाळी मागे वळवली, कनेक्टर बसवला, मधली तार त्याच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट. बॉक्स एलएनबीला याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट देतो, म्हणून हे सगळं बॉक्सचा प्लग काढूनच करायचं. केबलला कनेक्टरखाली एक झोल ठेवायचा, म्हणजे पाणी तिथून खाली ठिबकतं. साधी काळी टेप गुंडाळू नये, ती पाणी आत धरून ठेवते. स्वतःशी चिकटणारी रबरी टेप मिळते, ती वापरावी.

डिश हललेली असेल त्यांच्यासाठी: डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. साताऱ्याहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून १३१ अंशांवर, आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. ‘अजिंक्यतारा आड येतो’ हे कारण मी दोघांकडून ऐकलंय. डोंगर शहराच्या दक्षिणेला, आणि ६० अंश वर बघायला काही आडवं येत नाही. गोंधळ होतो कारण ऑफसेट डिश, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली, दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते.

याच आठवड्यात शेजारचे काका विचारत आले, आवाज येतो पण चित्र नाही. अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारला तर बातम्या देणारी बाई अंधूक दिसली. म्हणजे पॅनेल शाबूत, मागच्या बॅकलाइटच्या एलईडी गेल्या. त्या एकामागे एक जोडलेल्या असतात, एक गेली की रांग विझते. मेकॅनिककडून पूर्ण सेट बदलून घ्यायचा आणि नंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट साठ-सत्तरवर ठेवायचा. हे घरी उघडायचं काम नाही. पॅनेल काढताना तडकतो, आणि टीव्ही असो वा एसएमपीएस, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी प्लग काढल्यावरही टिकून राहू शकतात.

आता ढग गडगडले की दोन्हींचे प्लग काढतो, सोबत डिशची केबल आणि ब्रॉडबँडची वायरही, कारण तिकडूनही झटका येतो. लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून परत लावतो. स्पाइक गार्डवरचा लाल दिवा बघून निर्धास्त होत नाही. बहुतेकांत तो फक्त वीज आहे एवढंच सांगतो, आतला सर्ज शोषणारा भाग जळून गेला असला तरी.