हातचे काम

आमच्या चर्चमधल्या रविवारच्या उपासनेतील मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केल्या जाणाऱ्या, प्रार्थनेचा क्रम मला आता पाठ झाला आहे. आधी परीक्षेला बसलेली मुले, मग नोकरीच्या शोधात असलेले तरुण, नव्या जागी रुजू झालेले, आजारी आणि सर्वांत शेवटी वृद्ध. मुलांसाठी यश मागितले जाते, तरुणांसाठी नोकरी, आणि वृद्धांसाठी नुसती शांती, जणू त्यांच्या हाती आता काही कामच उरलेले नाही. (हे ऐकताना पुढच्या बाकांवरच्या आजी-आजोबांना काय वाटते, हे कोणी त्यांना विचारल्याचे मला आठवत नाही.) या यादीच्या पहिल्या टोकापासून सरकत सरकत मी मध्याच्या बराच पलीकडे आलो, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की आपण कामाच्या फळासाठी पुष्कळ प्रार्थना करतो, प्रत्यक्ष कामासाठी मात्र फार थोडी.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले ९०वे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. आयुष्याची वर्षे ७०, शक्ती असली तर ८०, आणि त्यांतही कष्टच फार, असे ते स्पष्ट सांगते. माणूस सकाळी उगवून संध्याकाळी सुकणाऱ्या गवतासारखा आहे, हेही सांगते. एवढे म्हणून झाल्यावर एखाद्याने हात टेकले असते. हे स्तोत्र मात्र शेवटी देवाकडे मागते, की आमच्या हातचे काम तू स्थिर कर, आणि ही मागणी ते लागोपाठ दोनदा करते. विशीत मी ती ओळ बढतीसाठी म्हणत असे. आज तीच ओळ म्हणताना मनात एवढेच असते, की दिवसभर जे केले ते अगदीच वाया जाऊ नये.

लहानपणाच्या कामाचे सर्वांत सुंदर चित्र मला शमुवेलाच्या गोष्टीत दिसते. रात्री त्याला देवाची हाक ऐकू येते, तीच याजक एलीची हाक समजून तो तीनदा उठून त्याच्याकडे धावतो, हे आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकलेले असते. पुढचे एक वाक्य बहुधा निसटून जाते. एलीच्या घराण्याविषयीचा भयंकर निरोप ऐकल्यावर हा मुलगा सकाळपर्यंत पडून राहतो आणि मग उठून परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडतो. ते त्याचे रोजचे काम होते. एवढी मोठी रात्र उलटली तरी दारे उघडायची राहिली नाहीत.

कमावत्या वयात प्रार्थनेला वेळ मिळत नाही, ही तक्रार माझीही आहे. पण ती करताना नहेम्याची आठवण होऊन थोडे ओशाळायला होते. तो राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला मद्याचा प्याला देणारा सेवक. तुला काय हवे, असे राजाने विचारले, आणि त्या प्रश्नाच्या व आपल्या उत्तराच्या मध्ये जी फट होती, तेवढ्यात त्याने प्रार्थना केली. तिचे शब्दही कोणी लिहून ठेवलेले नाहीत.

स्वयंपाकघराचा उल्लेख मात्र आमच्या प्रार्थनेत क्वचितच होतो, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खुपते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत स्वयंपाकाची पाळी आठवड्याने बदलते. रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर पाळी संपलेले आणि पाळी सुरू होणारे, असे दोघेही सर्वांसमोर वाकून आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतात. नवा पाळीवाला ‘देवा, माझ्या साहाय्यास ये’ अशा अर्थाचे स्तोत्रवचन तीनदा म्हणतो. मठातल्या नित्य उपासनेची सुरुवातही याच वचनाने होते. म्हणजे चुलीपुढे जायचे आणि देवापुढे जायचे, दोन्हींचा उंबरठा एकच.

आणि ज्यांना कामच नाही त्यांचे काय? येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळायला तासभर उरला असताना धनी बाजारात उभ्या असलेल्यांना रिकामे का, असे विचारतो. आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते उत्तर देतात. दाखल्यावरच्या प्रवचनांत चर्चा होते ती त्यांना तासाभराच्या कामासाठी मिळालेल्या पूर्ण दिवसाच्या मजुरीची. त्याआधीच्या, वाट पाहत घालवलेल्या तासांविषयी मी फारसे ऐकलेले नाही. रोज सकाळी तयार होऊन उभे राहणे हेही हातचे कामच असावे, असे मला वाटते.

लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना ८४ वर्षांची विधवा आहे. ती मंदिर सोडून जात नाही, उपास व प्रार्थना करून रात्रंदिवस सेवा करते. लूकने तिला शांतीच्या यादीत टाकलेले नाही. तिला काम आहे. आमच्या मंडळीतल्या एका आजींनाही ते आहे. दोन वर्षांपूर्वी उपासनेनंतर मला थांबवून त्यांनी विचारले, “बाळा, तू कामावर नेमका किती वाजता बसतोस?” मी वेळ सांगितली. “मग तेव्हा तुझं नाव घेईन. त्याच्या आधी एका नर्सबाईंचं असतं,” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे असे बऱ्याच जणांचे वेळापत्रक आहे. गेल्या सोमवारपासून माझी वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आली आहे, आणि ते आजींना सांगायचे राहून गेले आहे.