तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही गोळ्या का ओततो

गणपतीत मंडळाच्या पंगतीला बसलं की कुणीतरी विचारतंच. "मुलीच्या रक्तात शिसं सापडलं होतं ना? आणि तू अजून घरी शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओततोस?" मी "आता काळजी घेतो" म्हणतो आणि वाढप्याकडे वळतो. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. आज पूर्ण देतो.

पैसे वाचतात म्हणून ओततो, असं मी बरीच वर्षं सांगायचो. साचे, भट्टी, काडतुसं भरायचं यंत्र यांत घातलेले पैसे धरले तर ते खरं नाही. खरं कारण जुनं आहे. माझे बाबा पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे अक्षरखिळे जुळवून मजकूर लावणारे. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खिळ्यांच्या पेटीपाशी उभा राहायचो आणि ते तळहातावर एखादा 'क्ष' ठेवायचे. एवढासा खिळा, पण हाताला भारी लागायचा. इथे ओहायोत एक जुना छापखाना बंद होताना मला लायनोटाइपच्या, म्हणजे छपाईची अख्खी ओळ ओतणाऱ्या यंत्राच्या, धातूच्या पट्ट्या मिळाल्या. त्या धातूत 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असतं. मऊ शिशात तो मिसळला की गोळी कडक होते आणि साच्याची कड न् कड उचलते. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर अंगावर धुरकट पांढुरकी छटा येते. मधली ती दहा-पंधरा मिनिटं साधली की दर वेळी साचा उघडला की चकचकीत गोळी बाहेर पडते. 38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची, 158 ग्रेनची, म्हणजे साधारण 10 ग्रॅम. दिवसभर मी सॉफ्टवेअर लिहितो. त्यातलं काहीच कुणाच्या तळहातावर ठेवता येत नाही.

आता ते सांगतो, जे पंगतीत सांगत नाही.

2022 चा मार्च. मुलगी दोन वर्षांची. नेहमीच्या तपासणीत बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात शिसं 9 आलं. बोटाच्या कातडीवर शिसं असलं तरी आकडा वाढतो, म्हणून शिरेतून पुन्हा रक्त घेतलं. तो आकडा 7. डेसीलिटरमागे 7 मायक्रोग्रॅम. अमेरिकेत 2021 पासून 3.5 च्या वर गेलं की त्या मुलावर लक्ष ठेवतात, आणि मुलांसाठी निर्धोक असा आकडा कुठलाच नाही.

नर्स यादी घेऊन बसली. घर किती जुनं? 1996 चं, म्हणजे 1978 पूर्वीच्या शिशाच्या रंगाचा प्रश्न नव्हता. भारतातून मसाले आणता? हळद? काजळ लावता? पितळेची भांडी? बायको प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. मग नर्सने मला विचारलं, नोकरीत किंवा छंदात घरातल्या कुणाचा शिशाशी संबंध येतो का? बायको माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तुझं ते गॅरेजमधलं?" मी मराठीतच म्हणालो, "त्याची वाफ होत नाही गं, तुला सांगितलंय ना." आणि नर्सला इंग्रजीत सांगितलं, "मी सॉफ्टवेअरमध्ये आहे."

त्या रात्री बायकोने साताऱ्याहून आईने पाठवलेली हळद कचऱ्यात टाकली. लोणच्याची बरणीही. काजळाची डबी टाकताना तिने ती एकदा उघडून पाहिली. मग आईला फोन लावला आणि विचारलं, हळद कुठून दळून आणलीस. तिकडून सासूबाई रडल्याचं मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. मी गप्प बसलो. आठ दिवस.

वाफेचं मी म्हणत होतो ते चूक नव्हतं. शिसं 327 अंशांना वितळतं, उकळायला 1700 च्या वर जावं लागतं. भट्टीच्या तापमानाला वाफ नगण्य. पण प्रश्न वाफेचा नव्हताच, धुळीचा होता. वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, पुन्हा भरण्याआधी मी मक्याच्या बुरकुंडाच्या भुशात फिरवून घासायचो. प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, शिशाचं संयुग असतं, ते जळून पुंगळीत राहतं आणि त्या भुशात उतरतं. शनिवारी रात्री मी तो भुसा गॅरेजमध्ये चाळायचो आणि त्याच टी-शर्टवर मुलीला खांद्यावर घेऊन झोपवायचो. झोप लागेपर्यंत ती माझी कॉलर चोखायची. हे मला आठवलं ते माझ्या रक्ताचा अहवाल हातात आला तेव्हा. 19. काजळ तर मी लावत नव्हतो.

सांगितलं. बायको काही बोलली नाही. उठून गॅरेजचं दार आतून बंद केलं.

तुम्ही म्हणाल, तिथेच सोडायचं. वर्षभर सोडलंही होतं. आता पुंगळ्या पाण्यात धुतो, ओतकाम परसातल्या शेडमध्ये करतो, तिथले कपडे आणि बूट घरात येत नाहीत, दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो. मुलीचा आकडा दीड वर्षाने 2 वर आला. हे सगळं मी ठसक्यात सांगू शकतो. पण तेव्हाचा मीही असाच ठसक्यात बोलायचो, आकडे तोंडपाठ म्हणून. बाबा छापखान्यातून आले की मागच्या दारी राखेने हात घासल्याशिवाय आम्हाला शिवत नसत. मला वाटायचं, शाईसाठी. त्यांना विचारायला ते आता नाहीत.

बायकोने "सोड" असं कधी म्हटलं नाही. मी ती परवानगी धरून चाललो होतो. मागच्या वर्षी ती म्हणाली, "मी म्हटलं नाही, कारण तू माझ्या म्हणण्यावर सोडलेलं मला नको आहे." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. त्यानंतरच्या शनिवारीही मी शेडमध्ये गेलो.

सासूबाईंना आम्ही दोघांनी मिळून फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नातीची तब्येत विचारली. त्यानंतर तीन पार्सलं आली. मेतकूट होतं, कोकम होतं. हळद त्यांनी पुन्हा पाठवलेली नाही.